स्मरण हरपले तरी निष्ठा उरते काय?

महानुभाव मार्गाच्या आचारधर्मात स्मरणाचे स्थान मुख्य आहे. भिक्षा, अटन, विजन ही साधकाची अंगे खरी. परंतु ती सर्व ज्याच्यासाठी आचरावयाची ते परमेश्वराचे स्मरण होय. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे चिंतन ज्या अंतःकरणात अखंड चालते, ते अंतःकरण साधनास योग्य झाले असे आपण मानतो. अनुसरलेल्या साधूने काय करावे आणि घरी राहिलेल्या वासनिकाने काय करावे यांत पुष्कळ भेद असला, तरी स्मरणाचा विधी दोघांनाही सारखाच आहे.

असे असता एक कठीण प्रश्न अलीकडे अनेक वासनिक घरांत आणि काही आश्रमांतही उभा राहिलेला दिसतो. ज्या मातेने चाळीस-पन्नास वर्षे नेमाने नामस्मरण केले, तिची स्मरणशक्तीच व्याधीने नष्ट होऊ लागली तर तिच्या धर्माचे काय होते? ती नाम विसरली, उपदेश विसरली, पुढे पोटच्या मुलालाही ओळखीना झाली, तर तिची निष्ठा उरली असे म्हणावे की गेली असे म्हणावे? आणि ज्या पुत्राला हे डोळ्यांनी पाहावे लागते, त्याचा धर्म कोणता? हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. त्याच्या उत्तरावर त्या मातेला घरात मिळणारी वागणूक अवलंबून असते. म्हणून त्याचा विचार शास्त्रबुद्धीने केला पाहिजे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. आजचे वैद्यक जिला डिमेन्शिया म्हणते, ती म्हातारपणाची साधी विसराळू वृत्ती नव्हे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. या विकारात मेंदूतील पेशी हळूहळू निकामी होतात. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली अशा एका मृत रुग्णस्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन विद्वानांपुढे मांडले. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा प्रकार आज सर्वांत अधिक आढळतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असावा, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक. या व्याधीला पूर्ण बरे करणारे औषध आजतागायत उपलब्ध नाही. तथापि प्रत्येक विस्मृती ही हीच व्याधी असते असेही नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, मनाची खिन्नता, काही औषधांचा परिणाम यांमुळेही स्मृती मंदावते आणि ती उपचाराने सुधारू शकते. आपल्या घरांत कटाक्षाने शाकाहार पाळला जातो, आणि शाकाहारी माणसांत ब-१२ची उणीव पुष्कळ आढळते. म्हणून वयाचा दोष समजून स्वस्थ बसू नये. आधी वैद्याकडून परीक्षा करून घ्यावी. विस्मृती एकाएकी, एक-दोन दिवसांत आली असेल तर तेथे विलंबच करू नये.

या व्याधीचा आणखी एक स्वभाव आहे, आणि प्रस्तुत प्रश्नाची खरी अडचण तेथेच आहे. स्मृती सर्व बाजूंनी सारखी झिजत नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ साली असे प्रतिपादन केले की जे अलीकडे शिकले ते आधी जाते आणि जे फार पूर्वी ठसले ते शेवटपर्यंत टिकते. पुढील अनुभवाने हे स्थूलमानाने खरे ठरले आहे. काल काय जेवलो हे आठवत नाही. पण लहानपणच्या अंगणातील चिंच आठवते. सुनेचे नाव जाते. पण जात्यावरची चाल ओठांवर राहते.

आता एखाद्या वासनिक घरचे उदाहरण कल्पनेने घ्यावे. माता उपदेशी आहे. परंतु तिला उपदेश झाला तो विवाहानंतर, सासरी आल्यावर. माहेर अन्य उपासनेचे होते. तेथे कुळदैवताची पूजा होई, नवरात्र बसे, नैवेद्य होई. सासरी आल्यावर तिने ते सर्व सोडले आणि पन्नास वर्षे एका परमेश्वराखेरीज कोणापुढे मस्तक लवविले नाही. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी व्याधीने तिची मधली सारी वर्षे पुसून टाकली आहेत. ती स्वतःला दहा वर्षांची समजते, आईला हाक मारते आणि माहेरच्या देवीला नैवेद्य दाखवायचा राहिला म्हणून रडते. मुलगा धर्मनिष्ठ आहे. तो हे ऐकून हादरतो. आईची अनन्यता भंगली, पन्नास वर्षांचे साधन वाया गेले, असे त्याला वाटते. तो तिला दटावतो, उपदेशाची आठवण करून देतो, पुन्हा पुन्हा विचारतो, ‘नाम सांग पाहू.’ तिला ते सांगता येत नाही. ती घाबरते आणि अधिकच रडते. दोघेही दुःखी होतात.

येथे पहिली शंका अशी घेतली जाते की श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशापासून बुद्धिनाश आणि बुद्धिनाशापासून सर्वनाश सांगितला आहे. तेव्हा ज्याला स्मृतिभ्रंश झाला त्याची अधोगती निश्चितच नव्हे काय? व्याधीला मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ हेच नाव रूढ झाल्याने या शंकेला बळ मिळाले आहे. परंतु ती शब्दसाम्यातून उद्भवली आहे. तेथील क्रम आरंभापासून पाहावा. विषयांचे चिंतन, त्यापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह आणि संमोहापासून स्मृतिभ्रंश, असा तो क्रम आहे. म्हणजे तेथील स्मृतिभ्रंश हा क्रोधाने आंधळ्या झालेल्या मनुष्याला आपल्या हिताचा पडलेला विसर आहे. त्याचे मूळ विषयचिंतनात आहे. मेंदूच्या झिजेने आलेल्या विस्मृतीच्या मागे ही साखळी नसते. तिच्यामागे क्रोध नाही, कामही नाही. जेथे कारण नाही तेथे त्या कारणाचे फळ चिकटविणे हा तर्काचा दोष होय. विचार केला तर क्रोधजन्य विसर त्या घरात कोणाला पडला आहे हे निराळेच दिसेल. आजारी आईवर ओरडणाऱ्या पुत्रालाच त्या क्षणी आपला धर्म आठवत नसतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी, नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत, हा आपला सिद्धान्त. देह, इंद्रिये आणि अंतःकरण ही प्रपंचाची घडण. जीव त्यांहून वेगळा. तेव्हा व्याधी होते ती देहाला आणि झिजते ते अंतःकरण. जीवाचे त्यात काही जात नाही, असे कोणी समाधान सांगतो. त्यावर शंकाकार म्हणतो, हे ठीक. परंतु स्मरण जे करावयाचे तेही अंतःकरणानेच ना? साधनच मोडले तर साध्य कोठून येणार? जीव शाबूत आहे एवढ्याने साधकाचे समाधान होत नाही, कारण जीव तर अज्ञानी मनुष्याचाही शाबूतच असतो.

या शंकेचे उत्तर दोन अंगांनी द्यावे लागते. पहिले असे की विधी हा शक्तीच्या आश्रयाने असतो. ज्याला पाय नाहीत त्याने अटन केले नाही म्हणून त्याला कोणी आचारभ्रष्ट म्हणत नाही. ज्याची वाचा गेली त्याने नाम उच्चारले नाही म्हणून त्याला दोष लावीत नाही. मग ज्या अंतःकरणाने स्मरावयाचे तेच झिजले असता स्मरण घडत नाही, याला दोष कसा म्हणावा? विधी सोडणे वेगळे आणि विधी हातून सुटणे वेगळे. सोडणाऱ्याला विधी ठाऊक असतो आणि तो त्याकडे पाठ फिरवितो. सुटलेल्याला तो धरताच येत नाही.

दुसरे उत्तर गीतेच्याच आठव्या अध्यायात सापडते. अंतकाळी जो माझे स्मरण करीत देह सोडतो तो मला पावतो, हे भगवान श्रीकृष्णांचे वचन सर्वांना परिचित आहे, आणि पुष्कळांना भय वाटते ते त्यामुळेच. आईला शेवटच्या घटकेला नाम आठवले नाही तर? परंतु भगवान तेवढे सांगून थांबले नाहीत. मनुष्य ज्या भावाने सदा भावित असतो तोच भाव अंती उभा राहतो असे ते पुढे म्हणतात, आणि म्हणून सर्व काळी स्मरण करण्याची आज्ञा अर्जुनाला करतात. सर्व काळीचे स्मरण सांगण्याचा हेतू हाच की जन्मभराचे साधन एका घटकेच्या शुद्धीवर टांगलेले राहू नये. कोणी झोपेत देह ठेवतो, कोणी मूर्च्छेत, कोणी शस्त्रक्रियेच्या गुंगीत. त्या सर्वांचे जन्मभराचे स्मरण व्यर्थ गेले असे म्हणण्यास कोणी धजणार नाही. फळाचा निर्णय जीवाने करावयाचा नाही, हे खरे. म्हणून त्या मातेला अमुक गती मिळेलच असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण ती मिळणार नाही असे सांगण्याचाही अधिकार कोणाला नाही.

येथे मार्गातील एका नामाचा अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. श्रीचक्रधरस्वामींना आपण ‘सर्वज्ञ’ म्हणतो. जीव हा अज्ञानाने वेढलेला आहे. त्याचे जाणणे आणि आठवणे नेहमीच अपुरे. धडधाकट साधकाचे स्मरणही दिवसातून किती वेळा तुटते हे ज्याचे त्याला ठाऊक असते. जीवाचा उद्धार जर जीवाच्या स्मृतीच्या बळावर होणार असता तर कोणाचाही झाला नसता. जीव विसरतो, सर्वज्ञ विसरत नाही. मातेने पन्नास वर्षे केलेले स्मरण तिच्या मेंदूतून पुसले गेले असेल. ज्याचे स्मरण केले त्याच्या ज्ञानातून ते पुसले गेलेले नाही.

आता अनन्यतेचा प्रश्न. अन्य उपासनेकडे वळणे हा मार्गात दोष मानला आहे हे निर्विवाद. परंतु अनन्यता ही निवड आहे. दोन वाटा दिसत असता एकच धरणे म्हणजे अनन्यता. दोन्ही दिसत असता धरलेली सोडणे म्हणजे तिचा भंग. ज्या मातेच्या स्मृतीत पन्नास वर्षांची वाटच उरली नाही, तिने ती सोडली कोठे? ती माहेरच्या देवीकडे वळली नाही. व्याधीने तिला नेऊन माहेरच्या अंगणात उभे केले आहे. दहा वर्षांच्या मुलीला उपदेश झाला नव्हता म्हणून आपण तिला दोष देत नाही. आज ती पुन्हा त्याच वयात वावरत असेल तर आजही देऊ नये. तिने निवड केली होती ती पूर्ण शुद्धीत, भर तारुण्यात, माहेरचे सारे मागे टाकून. त्या निवडीची साक्ष तिच्या आयुष्याची पन्नास वर्षे देतात.

तथापि पुत्र शुद्धीत आहे, आणि त्याचा विधिनिषेध त्याच्यासाठी कायम आहे. आईच्या समाधानासाठी त्याने स्वतः अन्य दैवताचा नैवेद्य मांडावा असे येथे सुचवावयाचे नाही. मग त्याने काय करावे? दटावू नये, परीक्षा घेऊ नये, वाद घालू नये. तिच्या रडण्यातील खरी मागणी ओळखावी. बहुधा ती मागणी नैवेद्याची नसून माहेराची असते, आईच्या कुशीची असते. जवळ बसून हात हातात घ्यावा, माहेरच्या गोष्टी विचाराव्यात, घरात जो प्रसाद असेल तो तिच्या हाती द्यावा. गाण्याची चाल या व्याधीत शब्दांहून अधिक काळ टिकते असे अनेकदा दिसते. महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर रचलेले धवळे मुळात गाण्यासाठीच आहेत. लग्नघरच्या गाण्यांत वाढलेल्या स्त्रीला ते परके वाटणार नाहीत. नित्याच्या वेळी नित्याच्याच सुरात घरात नाम चालू ठेवावे. तिने म्हणावे असा आग्रह नसावा. तिच्या कानी पडावे एवढेच पुरे. कधी ओठ हलतील, कधी हलणार नाहीत.

मार्गाचा स्वतःचा इतिहासही येथे काही शिकवितो. लीळाचरित्र हा ग्रंथ एका माणसाच्या स्मृतीतून आलेला नाही. सर्वज्ञांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकल्या, आणि ज्या ज्या भक्ताच्या ज्या लीळा त्या त्याच्याकडे जाऊन विचारून पडताळल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ नष्ट झाला असता हिराइसेसारख्यांना जे मुखोद्गत होते त्यावरून पाठ पुन्हा सिद्ध करण्यात आले, अशी परंपरा आहे. एकाचे विसरले ते दुसऱ्याने आठविले, आणि जे हरवले ते तिसऱ्याने सांगितले. मार्गाचे स्मरण असे अनेकांनी मिळून सांभाळलेले आहे. त्याच न्यायाने घरातील एकीची स्मृती गेली तर उरलेल्यांनी तिच्या भोवती स्मरण जिवंत ठेवावे. मर्यादा मात्र जाणावी. एकाने केलेल्या स्मरणाचे फळ दुसऱ्याच्या खाती जमा होते असे समजू नये. ज्याची क्रिया त्याचे फळ. पुत्राचे नाम आईच्या बदली नव्हे. ते तिच्यासाठी केवळ एक निमित्त होईल. आणि त्याचे स्वतःचे साधन तर होईलच.

तिसरा प्रश्न सत्याचा. माता दररोज विचारते, ‘तुझे बाबा अजून कसे आले नाहीत?’ पिता बारा वर्षांपूर्वी वारले आहेत. सत्य सांगावे तर तिला ते वृत्त प्रत्येक वेळी नवे असते. ती दररोज नव्याने विधवा होते आणि तासाभराने दुःखाचे कारण विसरून नुसतीच व्याकुळ राहते. असत्य सांगावे तर पुत्राच्या वाणीला दोष. या पेचात पुष्कळ लोक अडकतात; परंतु मध्ये मार्ग आहे. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे संपूर्ण उत्तर देणे हा सत्याचा विधी नव्हे. खोटे न बोलणे हा आहे. ‘बाबांची आठवण येते ना, आई? त्यांना तुझ्या हातची भाकरी फार आवडायची,’ हे बोलणे सत्य आहे आणि ते घाव घालीत नाही. ‘संध्याकाळी येतील’ हे बोलणे टाळावे. त्याने ती दाराशी जाऊन बसेल आणि पुत्राला उद्या दुसरे खोटे शोधावे लागेल. पण एखाद्या दिवशी ती शुद्धीवर येऊन सरळ डोळ्यांत पाहून विचारील, ‘ते गेले का रे?’ त्या वेळी ‘होय’ म्हणावे आणि तिचे रडणे ओसरेपर्यंत उठून जाऊ नये. कोणता प्रश्न कसा आहे हे ओळखण्यासाठी दया लागते. ज्या मार्गाने मुंगीलाही पीडा न देण्याचा नियम घालून दिला, त्या मार्गाच्या माणसाला ती नवी शिकावी लागू नये.

सेवेचा आदर्श पाहावयाचा तर रिद्धपूरकडे पाहावे. सर्वज्ञांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि भक्तजन रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. श्रीप्रभूंच्या चेष्टा लौकिकाच्या मापात बसणाऱ्या नव्हत्या. ते केव्हा काय मागतील, केव्हा कोठे जातील, केव्हा रुसतील याचा नेम नसे. कित्येक जन त्यांना वेडे समजत. भक्तांनी त्या चेष्टा समजून घेण्याची अट सेवेला घातली नाही. ईश्वरी अवताराची लीळा आणि जीवाची व्याधी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यांची तुलना करणे हा प्रमाद ठरेल. श्रीप्रभूंच्या चेष्टा ज्ञानपूर्वक होत्या, रुग्णाच्या अज्ञानाने होतात. येथे घ्यावयाचा तो सेवकांचा गुण. ओळख मागू नये, आभार मागू नये, आज केलेले उद्या आठवावे ही अपेक्षा ठेवू नये. जी सेवा सेव्य विसरून जातो तिला लौकिक मोबदला कोणताच उरत नाही. गृहस्थाला निष्काम कर्माचा याहून सरळ अभ्यास क्वचितच मिळेल.

अखेरीस वैराग्याच्या नावाने होणाऱ्या एका गफलतीचा विचार केला पाहिजे. देश, गाव, संबंध यांचा त्याग करावा ही सर्वज्ञांची आज्ञा आहे, आणि अनुसरणाची खरी आर्ती ज्याला लागली त्याला कोणी अडवू नये. परंतु आईचे अंथरूण ओले होऊ लागले, ती रात्री उठून दार उघडून बाहेर जाऊ लागली, आणि नेमक्या त्याच महिन्यात ज्याला आश्रमाची ओढ लागली, त्याने आपल्या ओढीची परीक्षा करावी. घाणीचा कंटाळा हे वैराग्य नव्हे. वैराग्याने ममत्व सुटते, दया सुटत नाही. नागदेवाचार्यांच्या मातोश्री आबाइसा याही मार्गातच होत्या. पुत्राचे वैराग्य आणि मातेचे स्थान यांत तेथे विरोध आला नाही. खरोखर निघावयाचेच असेल तर आधी आईची व्यवस्था लावावी. २००७ सालच्या कायद्याने मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर घातली आहे, आणि लौकिक कायदा जेवढे मागतो त्याहून कमी देऊन धर्माच्या वाटेला लागणे शोभत नाही.

घरी राहणाऱ्या पुत्रानेही एक हिशेब तपासावा. बहुतेक घरांत आईच्या सेवेचे नाव मुलाचे असते आणि काम सुनेचे. मुलगा संध्याकाळी दहा मिनिटे पायाशी बसतो. नहाणे, भरविणे, कपडे बदलणे, रात्रीचे जागरण हे सून करते, आणि चोरीचा आळही बहुधा तिच्यावरच येतो, कारण वस्तू ठेवल्याचे विसरलेल्या रुग्णाला ती चोरीला गेली असेच वाटते. त्या सुनेला पारायणाला बसण्याची उसंत नाही म्हणून तिला आळशी म्हणणारे लोक आहेत. तिच्या हातून दिवसभर घडते ती दया कमी प्रतीची आहे काय, हे त्यांनी स्वतःला विचारावे. काम वाटून घ्यावे, तिला विश्रांतीचे दिवस द्यावेत, प्रसंगी वेतन देऊन मनुष्य ठेवावे.

आश्रमांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. वृद्ध तपस्विनी आणि वृद्ध साधू यांना ना मुलगा ना सून; मार्ग हेच त्यांचे घर. ज्यांनी शेकडो जणांना नाम दिले त्यांनाच ते आठवेनासे झाले, तर त्यांना मागच्या खोलीत ठेवून दर्शनाच्या वेळी दार लावून घेण्यात आश्रमाची शोभा नाही. ज्या शिष्याला गुरूने नाम दिले, त्याने ते गुरूच्या कानी घालावे. घेतलेले परत करण्याची अशी संधी थोड्यांनाच मिळते.

तात्पर्य असे की स्मरण हरपणे म्हणजे निष्ठा हरपणे नव्हे. निष्ठा मातेने शुद्धीत असता दिली आहे आणि ज्याला दिली तो सर्वज्ञ आहे. व्याधी तिच्याकडून नाम काढून घेईल. तिने ते घेतले होते ही गोष्ट काढून घेऊ शकणार नाही. उरला प्रश्न शुद्धीत असणाऱ्यांचा. तिचा धर्म आता तिच्या हाती नाही. त्यांचा मात्र त्यांच्याच हाती आहे, आणि आई दिवसातून विसाव्या वेळी तोच प्रश्न विचारते तेव्हा त्याची कसोटी लागते. त्या विसाव्या वेळीही पहिल्या वेळेसारखेच उत्तर जो देऊ शकेल, त्याचे स्मरण जागे आहे असे समजावे. इत्यलम्.